योपबाबांची बारावी संगीतिका

तुकाराम मेस्त्रीला अमवाज बेटावर बोलावणं आलं ते एका झाकणासाठी. बहारीनमध्ये, मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे उबेदचा सुतारकामाचा कारखाना आहे. तिथं तुकाराम एकोणतीस वर्षं काम करतो. दारं, कपाटं, दिवाणखान्यातल्या बैठका, जे येईल ते. उबेदनं सांगितलं, एका डच म्हाताऱ्याच्या पियानोचं झाकण अडकलंय, जाऊन बघ, आणि फार बोलू नकोस, माणूस चिडका आहे. फार बोलू नकोस हे तुकारामला सांगायची गरज नव्हती. एवढ्या वर्षांत उबेदनं त्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली असतील तर ती लाकडाबद्दलच.

म्हातारा दारातच उभा होता. उंच, पाठीत वाकलेला, पायांत लोकरी मोजे, हात किंचित थरथरणारे. नाव योप हूकफेल्ड, वय एक्याऐंशी. त्यांची मुलगी मरायका समुद्रातली वाळू उपसून जमीन तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनियर होती. सहा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा तिनं वडलांना एकटं ठेवायचं नाही म्हणून इकडं आणलं, आणि वडलांनी पियानोशिवाय यायला नकार दिला म्हणून पियानोही आणला.

झाकण दहा मिनिटांत निघालं. पण खालच्या पट्ट्यांकडे बघून तुकारामला राहवेना. दमट हवेनं लाकूड फुगलं होतं. एक पट्टी दाबली की शेजारच्या दोन खाली जात आणि वर यायला कुरकुरत. त्यानं खुणेनं विचारलं, उघडू का? म्हाताऱ्यानं संशयानं मान हलवली. मग तुकाराम दुपारभर मांडी घालून पियानोसमोर बसला. एकेक पट्टी काढली, पुसली, जिथं घासत होती तिथं अगदी हलक्या हातानं सैल केली आणि परत बसवली. शेवटी त्यानं पियानोच्या पोटात, खाली, एक छोटा दिवा लावून ठेवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, हा रात्रंदिवस चालू ठेवायचा, म्हणजे लाकूड कोरडं राहील. त्याचे वडील पावसाळ्यात गावातल्या सगळ्या बाजाच्या पेट्या आपल्या पडवीत आणून ठेवत आणि मधोमध कंदील पेटवत. तोच हा प्रकार.

काम झालं की बघायला हवं म्हणून त्यानं उजव्या हातानं चार सूर वाजवले. डावा हात आपोआप भाता शोधायला मागं गेला, आणि तो ओशाळला. योप पहिल्यांदा हसले. तुला वाजवता येतं, असं ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलंच.

तुकारामला नाही म्हणता आलं नाही. बहारीनला येण्याआधी नऊ हंगाम तो एका दशावतारी कंपनीत पेटी वाजवत होता. जत्रेजत्रेला डोक्यावर पेटारा घेऊन जायचं, देवळासमोर कनात बांधायची, रंग लावायचे आणि नाटक करायचं. त्या नाटकाचा एक कागद कुणाकडे नसतो. मालक संध्याकाळी सांगतो, आज अमुक राजाची गोष्ट. कोण राजा, कोण राणी, कोण राक्षस तेवढं ठरतं. बाकीचं बोलणं आणि गाण्यांचे शब्द नट उभ्या उभ्या करतो आणि पेटीवाला त्याच्यामागून जातो. हे सगळं इंग्रजीत सांगणं तुकारामच्या आवाक्यातलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, ‘माय व्हिलेज ड्रामा. मी म्युझिक. नो पेपर.’

‘नो पेपर?’ योप म्हणाले, आणि भिंतीकडच्या कपाटाची दारं त्यांनी उघडली. आत वरपासून खालपर्यंत कागदच होते.

त्यानंतर तुकाराम दर शुक्रवारी अमवाजला जाऊ लागला. कधी दिवा बघायचं निमित्त, कधी एखादी पट्टी. हळूहळू निमित्त लागेनासं झालं. तिथल्या सगळ्या वयस्कर माणसांना म्हणतात तसं तो त्यांना बाबा म्हणू लागला, आणि त्यांचं आयुष्य त्याला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं.

उत्तर हॉलंडमधल्या एका कालव्याकाठच्या गावात योप पोस्टाच्या खिडकीत बसत. अडतीस वर्षं तिकिटं आणि पार्सलं. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन. त्या भागातल्या प्रत्येक गावात एक हौशी मंडळ असे, आणि ते दर हिवाळ्यात एक हलकीफुलकी संगीतिका करी. गाणी, थोडं बोलणं, गैरसमज, शेवटी लग्न. कसाई, शिक्षिका, दूधवाला, सगळे गायला उभे. योपच्या गावच्या मंडळाला शहरातल्या मोठ्या संगीतिका झेपेनात, तेव्हा तेविसाव्या वर्षी त्यांनी स्वतःच एक लिहिली, गावातल्या गळ्यांच्या मापानं. कसायाला चार सूर येत, म्हणून त्याच्या गाण्यात चारच सूर. अशा अकरा संगीतिका झाल्या. शेजारपाजारच्या तीसेक गावांत त्या होत राहिल्या. शहरात एकही गेली नाही.

सगळ्यांचे शब्द त्रूसचे. त्रूस म्हणजे योपबाबांची बायको, बेकरीवाल्याची मुलगी. ती पीठ मळता मळता शब्द जुळवी आणि पावाच्या कागदी पिशव्यांवर लिही. त्या पिशव्याही कपाटात होत्या. काहींवर अजून तुपकट डाग होते.

मग माणसं म्हातारी झाली. तरुणांनी दुसरे छंद धरले. गावच्या मंडळात उंच आवाजात गाणारा एकही पुरुष उरला नाही, तेव्हा त्यांनी नायकाचं काम दोन आजोबांत वाटलं. एकाचा दम संपला की दुसरा पुढं येई. हे सांगताना योपबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळ बंद झालं.

आणि एक बारावी संगीतिका होती. ती कुठंच झाली नव्हती.

तिची गोष्ट योपबाबांनी पियानोवर वाजवत सांगितली आणि तुकारामला ती लगेच समजली, कारण तो सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीकाठचा होता, आणि पलीकडच्या काठाकडे बघत उभं राहणं त्याला ठाऊक होतं. कालव्यावर एक उघडता येणारा पूल आहे. होडी आली की राखणदार चाक फिरवून पूल वर उचलतो. पलीकडं एक विधवा बेकरीवाली राहते. ती रोज पावाची टोपली घेऊन पुलाशी येते, आणि ती आली रे आली की राखणदार नेमका पूल उचलतो, होडी असो वा नसो. तेवढाच वेळ ती समोर उभी राहते, तेवढंच बोलणं होतं. गावाचे पाव गार होतात, गाव चिडतं, महापौर येतो, गोंधळ होतो. शेवटी पूल वरच अडकतो. राखणदार या काठावर, ती त्या काठावर. तो ओरडून विचारतो, माझ्याशी लग्न करशील का?

इथं योपबाबांनी बेकरीवालीच्या उत्तराचं गाणं वाजवलं. साधी, चढत जाणारी चाल होती, आणि शेवटी ती जिथून निघाली तिथंच परत येऊन बसली. ‘आणि शब्द?’ तुकारामनं विचारलं. योपबाबांनी पान त्याच्यासमोर धरलं. सुरांखालच्या ओळी कोऱ्या होत्या.

शब्द लिहायच्या आधीच त्रूस गेली होती. ती काय उत्तर देणार होती, तेही तिनं सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत मरायकानं तुकारामला बाजूला घेऊन सांगितलं की तिचं काम संपत आलंय. मेमध्ये ती सिंगापूरला जाणार, आणि बाबा परत गावी, म्हाताऱ्यांच्या निवासात. बाबांना गावी जायचं नाही. तिथं आता आपलं कुणी नाही म्हणतात. इथल्या इंग्रजी नाटक क्लबला तिनं बारावीबद्दल विचारलं होतं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. जाण्याआधी ती संगीतिका एकदा माणसांच्या तोंडून ऐकायला मिळावी, एवढीच बाबांची इच्छा होती.

परतताना बसमध्ये तुकारामचा उजवा हात गुडघ्यावर ती चाल वाजवत होता. मुहर्रकला उतरेपर्यंत त्यानं असं काही ठरवलं होतं की त्याचा त्यालाच घाम फुटला.

बहारीनमधल्या सिंधुदुर्गवाल्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या एखाद्या शुक्रवारी दुपारी, मनाम्यात हॉल घेऊन ते दशावतार करतात. तुकाराम त्यांचा पेटीवाला, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणतात. बायकांची कामं करणारा स्वरूप विमानतळावर सामान चढवतो. गावाकडं तो नावाजलेला स्त्रीपार्टी होता. साडी नेसून उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या बायका आपला पदर नीट करत. राजा व्हायला गुरुप्रसाद असे. तो बँकेत अधिकारी, कुडाळचा पण वाढलेला मुंबईत. त्यामुळं त्याला उभ्या उभ्या बोलायला जमत नसे, आणि तो सगळे संवाद फोनवर टाइप करून पाठ करी. त्यावरून त्याची चेष्टा चाले.

मंडळाच्या बैठकीत तुकाराम सोळा वर्षांत पहिल्यांदा उभा राहिला. बोलणं तीन मिनिटांचंही झालं नाही. एक म्हातारा आहे, त्याची गोष्ट पुलाची आहे, गाण्यांच्या चाली सोप्या आहेत, आपण करूया, असं सांगून तो बसला. मग एकजण म्हणाला, गणपती आणि लोकांना हसवणारा संकासुर सुरुवातीला आलेच पाहिजेत, ते सोडायचे नाहीत. म्हणजे बाकीचं मान्य झालं होतं.

ही अट कळल्यावर योपबाबांनी विचारलं, हॉलंडच्या कालव्यावर हत्ती काय करतोय? तुकारामनं विचार करून सांगितलं, ‘ही ब्लेसिंग. टेन मिनिट. देन ही गो.’ योपबाबांना ते पटलं. त्यांच्याकडे प्रयोगाआधी महापौराचं भाषण असे. त्यापेक्षा हत्ती बरा, असं ते म्हणाले.

शब्द मालवणीतच होणार, हे त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. पण सुरांच्या बाबतीत ते पोस्टमास्तरच होते. एक सूर इकडचा तिकडं झाला की पियानो थांबे. स्वरूपला तान घ्यायची सवय. तान घेतली की योपबाबा चष्म्यावरून बघत. स्वरूप एकदा तुकारामच्या कानाशी लागला. ‘बुवा, ह्यो आजो पेटी बरी वाजयता,’ तो म्हणाला, ‘पण माका शाळेतल्या गुरुजींची आठवण येता.’

तालमी अमवाजलाच चालत. मरायका खजूर आणि चहा ठेवी. महिनाभरात पुलाची गोष्ट उभी राहिली. गुरुप्रसाद राखणदार, आणि पूल म्हणजे तुकारामनं बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, दोरीनं वर उचलायच्या. आता फक्त शेवट राहिला होता.

शेवटाची तालीम झाली ती मार्चच्या एका शुक्रवारी सकाळी. योपबाबांनी आदल्या आठवड्यात तुकारामला समजावलं होतं की शेवटच्या गाण्याला शब्द नाहीत. तुकारामनं ते ऐकलं, मान डोलावली, आणि स्वरूपला निरोप दिला, ‘थंय शब्द तुझे.’ त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. उभ्या जन्मात त्यानं असं गाणं बघितलं नव्हतं की ज्याची चाल आहे आणि शब्द नाहीत, म्हणून ते तसंच ठेवायचं. शब्द नाहीत म्हणजे ते नटाचे, एवढंच त्याला ठाऊक.

गुरुप्रसादनं फोनवर एकदा नजर टाकून प्रश्न विचारला. योपबाबांनी डोळे मिटून चाल सुरू केली. आणि स्वरूप, कमरेला ओढणी गुंडाळलेला, डोक्यावर रिकामी टोपली, काठावर आला आणि गायला लागला.

‘तुझ्या पुलार, तुझ्या पुलार, किती येळ मी उभी रवलंय,
पाव माझे थंड झाले, तरी तुका कळाक नाय.’

चांगलं गायला तो. तालमीला आलेले सगळे हसले आणि मग गप्प झाले, दोन्ही एकाच वेळी झाल्यासारखं. योपबाबांचे हात पट्ट्यांवरून खाली आले. त्यांनी तुकारामला विचारलं, हा काय म्हणाला? तुकारामनं जमेल तसं सांगितलं. तुझ्या पुलावर किती वेळ मी उभी आहे. माझे पाव गार झाले. तरी तुला समजलं नाही.

योपबाबा उठले. त्यांनी पियानोचं झाकण लावलं, तेच झाकण, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मरायका आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली की आज बाबांना बरं वाटत नाही.

परतताना व्हॅनमध्ये स्वरूपनं विचारलं, ‘माजा काय चुकला, बुवा?’ तुकाराम म्हणाला, ‘तुजा नाय. माजा चुकला.’ तेव्हा कुठं त्याला उमगलं होतं. ती जागा रिकामी नव्हती. ती राखून ठेवलेली होती, आणि त्यानं स्वतः तिथं दुसऱ्याला नेऊन बसवलं होतं.

दोन शुक्रवार तो अमवाजला गेला नाही. मंडळानं हॉल ठरवला होता, पत्रिका छापल्या होत्या. नेहमीची एखादी राजाची गोष्ट करू, असं कुणी म्हणालं तर तुकाराम हो म्हणे, आणि रंधा इतका जोरात मारी की उबेद येऊन बघून जाई. एका संध्याकाळी गावी गोदाशी फोनवर बोलताना त्यानं तिला सगळं सांगितलं. गोदा म्हणजे त्याची बायको. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो इकडं आला. दोन वर्षांनी एकदा रजा, दोन मुली, त्यांची लग्नं, घराचा चिरेबंदी चौथरा, सगळं तिनं फोनच्या पलीकडून सांभाळलं. तिला गोष्ट आवडली. ती बाई शेवटी हो म्हणाली असेल की नाही, असं त्यानं विचारलं.

‘नाय कित्या म्हणतली?’ गोदा म्हणाली. ‘पण लगेच हो पण म्हणाची नाय. इतकी वर्सा त्येना तिका उभी करून ठेवल्यान. आता त्येका पण वायच उभो रवांदे.’

मग तिनं विहिरीच्या पंपाचं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, कारखान्याच्या दारात गाडी थांबली आणि योपबाबा काठी टेकत आत आले. उबेदनं खुर्ची पुसून दिली, कोपऱ्यावरून घट्ट दुधाचा करक चहा मागवला. विमानतळ जवळच असल्यानं विमान डोक्यावरून गेलं की बोलणं थांबवावं लागत होतं. त्यामुळं योपबाबांचं सांगणं तुकड्यातुकड्यानं झालं.

ती बेकरीवाली त्रूसच होती, ते म्हणाले. आणि राखणदार मी. मी पोस्टात आणि पियानोवर, ती माझी वाट बघत उभी. बाराव्या संगीतिकेत ती पहिल्यांदा स्वतःचं लिहीत होती. शेवटच्या गाण्याचे शब्द मागितले तर म्हणायची, रंगीत तालमीच्या दिवशी सांगेन, तू घाबर जरा. फेब्रुवारीत ती गेली. ‘सहा वर्षं मी तिच्या उत्तराची वाट बघतोय,’ योपबाबा म्हणाले. ‘आणि तुझ्या माणसानं अर्ध्या मिनिटात दिलं. मला राग त्याचा आला नाही. ते बरोबर होतं, म्हणून राग आला.’

मग त्यांनी खिशातून पेन्सिल आणि घडी केलेलं ते पान काढलं. तेच शब्द पाहिजेत, ते म्हणाले. लिहून घेतो. खाली त्याचं नावही घालतो.

तुकारामनं स्वरूपला फोन लावला, त्रूसचं सगळं आणि गोदा काय म्हणाली तेही सांगितलं, आणि शब्द मागितले. तो विमानाखालीच होता. ऐकून तो गोंधळला. ‘तेवाचे शब्द आता खयसून हाडू? पयल्या दोन ओळी सांगतंय, पुढचा काय म्हटलंय ता देवाक ठावक.’ मग त्यालाच वाईट वाटलं. ‘आजोबांका सांगा, त्या दिवशी नवीन येतले.’

तुकारामनं हे इंग्रजीत आणायला खूप वेळ घेतला. शब्द गेले. त्या दिवशी नवीन येतील. कुठले ते त्यालाही ठाऊक नाही. योपबाबा त्याच्याकडे बघत राहिले. ‘माणसांनी भरलेल्या सभागृहात,’ ते म्हणाले, ‘काय गाणार हे माहीत नसताना, तुम्ही उभे राहता?’

‘एव्हरी इयर,’ तुकाराम म्हणाला.

योपबाबांनी पान परत घडी करून खिशात ठेवलं. चहा संपवला. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, पियानो हॉलवर कसा न्यायचा ते बघ. उबेद म्हणाला, माझी पिकअप आहे, इंशाल्ला एक ओरखडा येणार नाही.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला. मागं माणसं उभी होती. कामावरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. रंगमंचाच्या डाव्या अंगाला पियानो आणि तुकारामची पेटी शेजारी शेजारी, मृदंग आणि झांज मागं. गणपती आला, आशीर्वाद देऊन गेला. संकासुरानं पियानोला एक फेरी घातली आणि योपबाबांच्या टकलावर फुंकर मारली, त्यावर पोरं खिदळली. मग पूल, राखणदार, टोपली. पहिल्याच गाण्याला लोकांनी ताल धरला. स्वरूपनं तीनदा तान घेतली. योपबाबांनी एकदाही चष्म्यावरून बघितलं नाही. पाव गार झाले म्हणून गाव चिडलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी आपल्या लेबर कॅम्पच्या मेसचं नाव घेतलं आणि हशा पिकला.

शेवटी पूल वर अडकला. गुरुप्रसाद दोरी ओढून ओढून थकला आणि त्यानं विचारलं, माझ्याशी लगीन करशील? या वेळी त्यानं फोनकडे बघितलं नाही.

योपबाबांनी चाल सुरू केली. तुकारामनं पेटीवर एकच सूर धरून ठेवला आणि खाली बघत राहिला. स्वरूप काठावर आला. त्यानं टोपली खाली ठेवली. चालीची पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तो गायला नाही. लोक वाट बघू लागले. दशावतारात नट अडला की, किंवा त्याच्या मनात काही आलं की, तो वाजवणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांनाच विचारतो. ती रीतच आहे. पेटीवाल्यानं अशी कितीतरी उत्तरं दिलेली असतात. स्वरूप वळला. पण तुकारामकडे नाही, पियानोकडे.

‘काय ओ आजोबानु,’ तो बेकरीवालीच्या आवाजात म्हणाला, ‘इतकी वर्सा तिका उभी करून ठेवलात. आता तुमीच सांगा.’ मग क्षणभर थांबून, साडीचा पदर सावरत, ‘बाबा, शी इज वेटिंग. यू टेल.’

तुकारामला ते झाकण दिसलं, बंद होताना. योपबाबांचे हात थांबले होते. पहिल्या रांगेत मरायका अर्धवट उठली. तुकारामनं धरलेला सूर सोडला नाही. नट थांबला तरी पेटीनं थांबायचं नसतं, हे त्याला त्याच्या पहिल्या हंगामात शिकवलं होतं. भाता हळूहळू चालू राहिला आणि सूर खोलीत दिवा असावा तसा मंद जळत राहिला.

योपबाबांनी चष्मा काढला. पियानोवर ठेवला. मग त्यांनी चाल पहिल्यापासून धरली आणि गायला लागले. आवाज म्हाताऱ्याचा, फाटलेला, पण एकही सूर इकडचा तिकडं नाही. शब्द डच होते. कुणाला काही कळलं नाही, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. तुकाराम त्यांच्यामागून गेला, नऊ हंगाम जसा गेला होता तसा, पुढं काय येणार ते ठाऊक नसताना. चाल चढली, थरथरली, आणि जिथून निघाली तिथं परत येऊन बसली.

स्वरूपला एक अक्षर समजलं नव्हतं. पण तो नट होता. त्यानं हातांवरचं नसलेलं पीठ झटकलं, टोपली परत डोक्यावर घेतली, आणि लाजत, मान तिरकी करून म्हणाला, ‘मगे येवा.’

गुरुप्रसादनं दोरी सोडली आणि दोन फळ्यांचा पूल धाडकन खाली आला.

लोक ‘वन्स मोर’ ओरडायला लागले. ते काय म्हणतात, असं योपबाबांनी विचारलं. परत मागतात, तुकारामनं सांगितलं. ‘पण शब्द?’ योपबाबा म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग योपबाबांनी नुसतीच चाल वाजवली आणि सगळा हॉल ती गुणगुणला.

काय गायले ते मरायकानं नंतर सांगितलं. सांगताना ती एकाच वेळी नाक पुसत होती आणि हसत होती. ‘पूल मी खाली करतोय, त्रूस. या वेळी मीच पलीकडे येतो. पीठ मळत असशील तर हात थांबवू नकोस.’ सहा वर्षं त्रूसच्या उत्तराची वाट बघितली, बाबा मरायकाला म्हणाले होते, आणि पूल ओलांडायची पाळी माझीच राहिली होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात योपबाबा आपल्या गावी परत गेले. कुरकुरत नाही, सामान स्वतः बांधून गेले. स्वरूपनं त्यांची बॅग स्वतःच्या हातानं विमानात चढवली, आणि तिच्यावर थाप मारली म्हणे. पियानो मागं राहिला. तो उबेदच्या कारखान्यात भुशापासून दूर एका कोपऱ्यात आहे, आणि त्याच्या पोटात दिवा जळत असतो. शुक्रवारी मंडळातली माणसं तिथं जमतात.

नोव्हेंबरात जाडजूड पाकीट आलं. गावातल्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं एकोणीस माणसं जमवली होती. त्यात दोन पोरं अशीही होती की ज्यांचा आवाज उंच चढतो. बारावी संगीतिका हिवाळ्यात तिथं होणार होती. पाकिटात छापलेल्या वहीची एक प्रत होती. तुकारामनं शेवटचं पान आधी उघडलं. सुरांखालच्या ओळी तशाच कोऱ्या होत्या. वर बारीक अक्षरात डचमध्ये काहीतरी लिहिलं होतं. त्यानं त्याचा फोटो सिंगापूरला पाठवला. मरायकाचं उत्तर संध्याकाळी आलं. लिहिलं होतं, ‘इथले शब्द त्या दिवशी जो उभा असेल त्यानं द्यावेत. ही रीत कर्ली खाडीकाठचे बुवा मेस्त्री यांच्याकडून घेतली आहे.’

तुकारामला ते कुणाला दाखवायचा धीर झाला नाही. स्वरूपला सापडलं तेव्हा सगळ्या मुहर्रकला कळलं, ते वेगळं. त्याआधी, त्या संध्याकाळी, तुकारामनं फक्त गोदाला वाचून दाखवलं. मग तिनं विचारलं, विहिरीचा पंप दुरुस्त करायला माणूस बोलावू का?

‘नको,’ तुकाराम म्हणाला. ‘उबेदाक सांगितलंय. मार्चात काम खलास. मीच येतंय.’

‘रजेर?’

‘रजेर नाय.’

गोदानं लगेच काही उत्तर दिलं नाही. पलीकडं भांड्यांचा आवाज होत राहिला, आणि तुकाराम फोन कानाशी धरून उभा राहिला.